वच्छलाबाईच्या कमरेची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पत्र्याची आहे, पण तोरा मात्र चांदीच्या करंड्याचा!

बिडकीनच्या वच्छलाबाईने मला शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून घेतले ते मिश्रीसाठी. सकाळ झाली की ती माझ्यातली चिमूट दातांना लावी आणि मगच जगाशी बोले. पुढे तिचे दात ठणकू लागले. दवाखान्यातून लाल गोळ्या मिळाल्या, दात शांत झाले. वच्छलाबाईने मिश्री सोडली आणि उरलेल्या गोळ्या सुट्ट्या करून माझ्यात भरल्या. तेव्हापासून माझे नशीब फळफळले.

कापूस वेचून शेजारच्या भागूबाईची कंबर धरली, द्या लाल गोळी. कुणाचे डोके, कुणाची मान, द्या लाल गोळी. डबी रिकामी व्हायच्या आत वच्छलाबाई दुकानातून तसल्याच गोळ्या आणी. "वच्छलाबाईच्या हाताला लई गुण हाय," असे बाया म्हणत. खरा गुण माझा, असे मला वाटे. मी तिच्या कमरेच्या चंचीत नुसती मिरवायची!

मग वच्छलाबाईचा स्वतःचाच गुडघा दुखू लागला. तिने वेरूळच्या घृष्णेश्वराला साकडे घातले आणि कडक सोमवार धरले. उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न भागूबाईने ओट्यावर बसून सोडवला.

"त्यात धान्य नाय, मीठ नाय. चालंल की!"

झाले! गुडघा बरा व्हावा म्हणून उपास, आणि उपासात गुडघा दुखू नये म्हणून गोळी, तीही नुसत्या चहावर. त्याने पोटात आग पडली की त्या दुखण्यावर पुन्हा गोळी. मला सगळे दिसत होते. पण देवाने डबीला झाकण दिले आहे, तोंड नाही.

एका सोमवारी वच्छलाबाई अंगणात घेरी येऊन बसली. तिचा नवरा सोनाजी, जन्मात कधी घाई न केलेला माणूस, एका पायात चप्पल घालून तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मला उघडून वास घेतला आणि त्या सटासट शिंकल्या. जुनी मिश्री अजून माझ्या कोपऱ्यात होती ना!

"मावशी, ही गोळी कोणती?"

"लाल."

"जेवून घेता का?"

"सोमवारी नाय. उपास ऱ्हातो."

"कशाचा?"

"गुडघ्याचा."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबले, पण पुढचे विचारताना त्यांचा चेहरा गंभीर झाला. शी काळी होते का? वच्छलाबाईने पदर तोंडाला लावला आणि होकारार्थी मान हलवली. पोटात जखम होऊन रक्त जात होते. या गोळीने सूज उतरते, दुखणे थांबते. पण मनाला येईल तेव्हा, तीही रिकाम्या पोटी घेत राहिले तर ती पोटच सोलते, असे बाईंनी समजावले. सोनाजी भिंतीला टेकला.

"देवा, गुडघा ऱ्हाऊ दे तसाच," तो म्हणाला. "ही बाई तेवढी ऱ्हाऊ दे."

मला स्वतःची फार लाज वाटली, मित्रांनो.

वच्छलाबाई बरी होऊन घरी आली. मी मात्र फडताळात धूळ खात पडले. मग एके दिवशी तिने मला राखेने लख्ख घासले आणि माझ्यात बडीशेप भरली. आता कंबर धरून कुणी आले की ती आधी त्याला भाकरी वाढते, मग चिमूटभर बडीशेप देते आणि दवाखान्याच्या वाटेला लावते. माझीही तुम्हाला हीच विनंती आहे. कुणाच्याही डबीतली गोळी मागून खाऊ नका, आणि रंगावरून औषध ओळखू नका.

सोमवार मात्र या घरातून सुटला नाही. बायकोऐवजी आता सोनाजीने धरला आहे. काल दुपारी भुकेने कासावीस होऊन त्याने हळूच माझ्याकडे हात नेला.

"बडीशेप उपासाला चालते का गं?"

वच्छलाबाईने माझे झाकण पटकन लावले आणि त्याच्यापुढे ताट मांडले.

"नाय चालत. आन् उपास बी नाय चालत. आदी जेवा."