फेलिमच्या डाव्या हातातला उतारा

सकाळचे साडेसातही वाजले नव्हते, तोच किलबॅरन गावच्या गुरांच्या बाजारात गाड्यांची रांग चर्चच्या कुंपणाला भिडली होती. गाय-वासरू एकही नाही. साऱ्या हायब्रिड गाड्या, आणि प्रत्येकीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. तो पेटलेला असला की सरकारी तपासणीत गाडी नापास. फेलिम डिग्नन तो नुसत्या हातानं विझवी.

फेलिम सातव्या मुलाचा सातवा मुलगा. अशाच्या हाती दुखण्यावरचा उतारा असतो, याचं त्या मुलखात बाळकडूच मिळतं. त्याचा आजा नायटे बरे करी, बाप भाजलेली माणसं. फेलिम काळाबरोबर पुढे सरकून गाड्यांवर आला होता. नियम मात्र जुनेच. आभार मानायचे नाहीत, पैसे हातात न देता दगडाखाली ठेवायचे, आणि तीन खेपा झाल्याशिवाय उतारा लागू पडत नाही.

"अहो, एकीकडे बॅटरी, एकीकडे पेट्रोल!" फेलिम गाडीच्या दाराशी गुडघे टेकून गरजला. "एका छपराखाली सासू आणि सून! धुसफूस व्हायचीच!" उजव्या हातात जपमाळ, डावा स्टिअरिंगखाली. "शांत हो गं पोरी, शांत हो..."

दिवा विझला. म्हाताऱ्या रडू लागल्या. चमत्काराला नमस्कार!

"मागच्या आठवड्यातही विझला होता की, परत लागला," रांगेतला एक जण पुटपुटला. फेलिमच्या दोन पुतण्यांपैकी एकानं गुरं हाकायची काठी त्याच्या तोंडावर हाणली. रक्ताबरोबर दात खाली पडला.

"तिसरी खेप झाली का तुझी? नाही ना? मग तोंड मीट!" पुतण्या गुरकावला.

आणि लोकांनी माना डोलावल्या. डिंप्नाला त्या काठीपेक्षा त्या मानांचा जास्त संताप आला. चौरस्त्यावरचं गॅरेज तिचं. भाऊ फर्गल टॅक्सी चालवी, रोज सकाळी चार लहान मुलांना शाळेत पोचवी, आणि आता रांगेत त्याचाच नंबर होता.

"फर्गल, गाडी बाहेर काढ. इंजिन नको तेवढं पेट्रोल पितंय, खाली धुराची नळी तापून लाल होते. लेकरं बसतात रे त्यात!"

"तू गप बस. आज तिसरी खेप आहे. गुरुवारच्या तपासणीत नापास झालो तर शाळेचं काम गेलं."

डिंप्ना सरळ पुढे गेली. "फेलिम, डावा हात उघडा बघू."

पहिला ठोसा फर्गलचाच बसला. तिचा ओठ फाटला. "आईचा भाजलेला हात याच्या बापानं बरा केला होता, विसरलीस?" तो किंचाळला. ती पडली, तशी पुतण्यानं तिच्या उजव्या हातावर बूट दाबला. बोटं कडाकड मोडली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण समोरच फेलिमचं मनगट होतं. तिनं त्याला कडकडून चावा घेतला. फेलिमनं बोंब ठोकली आणि मुठीतून काडेपेटीएवढी काळी डबी चिखलात पडली.

तिनं ती डाव्या हातानं उचलली, फर्गलच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचली आणि तिच्यावरचं बटण दाबलं. दिवा विझला.

"मी घरातली दुसरी मुलगी," ती रक्त थुंकत म्हणाली. "सातवी नाही. या डबीनं गाडीच्या स्मरणातली तक्रार पुसली जाते, दुखणं तिथंच राहतं. इंजिन पुन्हा चाललं की गाडीला ते परत कळतं. पण गावात ती बॅटरीवरच फिरते, म्हणून दिवा लागायला चार दिवस जातात. आणि तुम्ही म्हणता, अजून एक खेप बाकी आहे!"

मग सगळे फेलिमवर तुटून पडले. मघाशी माना डोलावणारेच आता लाथा घालत होते. त्याचा कान फाटला, जपमाळेचे मणी विखुरले. डिंप्ना त्याच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा दोन लाथा तिलाही बसल्या.

"थांबा! मघाशी त्याचा हात खरा वाटला, आता तुमची लाथ खरी वाटते? याला पोलिसांत द्या. आणि दिवा का लागतो, ते आपापल्या गाडीखाली वाकून बघा!"

लाथा थांबल्या. फर्गलनं गाडी जनावरं चढवायच्या चढावर घेतली. मोडकी बोटं छातीशी धरून ती सांगत राहिली, तो तिचा वीज मोजायचा मीटर लावत गेला. फ्यूज चांगला. धूर हुंगून इंजिनाला कळवणारा ऑक्सिजन सेन्सरही चांगला. त्याच्याकडे जाणारी वायर मात्र चिमट्यातून सुटून धुराच्या नळीवर लोळत होती. वरचं आवरण वितळून तांबं उघडं पडलं होतं.

"एवढंच?" फर्गल म्हणाला.

"एवढंच. सेन्सर मुका झाला की इंजिन आंधळं होतं, अंदाजानं पेट्रोल ओततं. उरलेलं पेट्रोल नळीत जळतं. आता पुढच्या सीटमागचा गालिचा उचल."

त्यानं उचलला. खालचा थर जळून कोळसा झाला होता, आणि एका मुलाचा लाल हातमोजा वितळून पत्र्याला चिकटला होता. फर्गल चिखलातच बसला.

"डिंप्ना, मी तुला... मला माफ कर."

"माझं नंतर बघू. बोटं जुळतील. दिवा विझला म्हणजे आग विझली असं नसतं रे. नीट कारण शोधायचं, मग मानायचं. आता चार घरी फोन कर, लेकरं रस्त्यावर उभी असतील."

फर्गलनं फोन लावला. "मी फर्गल बोलतोय," तो म्हणाला. "आज गाडी येणार नाही. ती बिघडलेली होती. मला माहीत होतं, आणि तरी मी तुमच्या मुलीला तिच्यात बसवलं."