खुंटीवरचा टॉवेल

वेल्ह्याच्या खालच्या अंगाला नदीवर जुना दगडी बंधारा आहे. निम्मा कधीच वाहून गेला. उरलेल्यात एकच मोरी शाबूत, तिच्या दगडी खाचांत एक लाकडी फळी. फळी उचलली की पाणी पाटाला लागतं. दिवाळीनंतर बुडी मारून मोरीजवळच्या फटींत चिखल-गवत ठासायचं काम रायबाच्या घराचं. बुडी मारणाऱ्यानं डोईचं फडकं फळीच्या खुंटीवर ठेवायचं. ते तिथं आहे तोवर फळीला हात लावायचा नाही. उचलली, तर पाणी खालच्या माणसाला मोरीत ओढणार. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मंगलला ठाऊक नव्हतं. ती नसरापूरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरच्यांनी सुनेला चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत सारं दाखवलं, खुंटी दाखवायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. शहाण्यांचं घर!

त्या सकाळी रायबाचा पोरगा, तिचा नवरा अमृत, पाण्यात उतरला. मंगल जवळच धुणं धूत होती. अमृत वर यायचा, तिला बघून हसायचा, श्वास भरून पुन्हा खाली जायचा. तिची नजर खुंटीवरच्या टॉवेलवर गेली. मळून काळा झालेला. लोक काय म्हणतील, बायको टॉवेलसुद्धा धूत नाही? तिनं तो उचलला, साबण लावून धुतला न् करवंदीच्या जाळीवर वाळत घातला.

पलीकडे पाटाच्या काठावर, जिथून खुंटी तेवढी दिसायची, भावकीतला धनाजी पाण्याच्या पाळीची वाट बघत बसला होता. खुंटी रिकामी दिसली तसा तो आला आणि त्यानं फळी उचलली. पाट खळाळला. मंगल अमृत वर यायची वाट बघत राहिली.

तिची किंकाळी ऐकून रायबा शेतातून धावत आला. फळी पाडून त्यानं बुड्यांवर बुड्या मारल्या. अमृत मोरीत कुठंतरी अडकला होता, हाताला लागेना. शेवटी वर येऊन रायबानं धनाजीची गचांडी धरली.

"पोरगं खाली असताना फळी उचलली व्हय रं?"

"आबा, आईच्यान सांगतो, खुंटी रिकामी व्हती!"

"खोटं बोलतूस!" रायबानं दगड उचलला.

मंगलला तेव्हा कुठं सगळं उमगलं. गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं.

"मामंजी, भावजींचं खरं हाय. टॉवेल म्या काढला. लई मळला व्हता."

रायबाच्या हातातला दगड गळला. त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. जाळीवरचा ओला टॉवेल घेऊन त्यानं तो पुन्हा खुंटीवर ठेवला.

"फळीला कुनी हात लावू नका," तो म्हणाला. "पोरगं अजून खालीच हाय."