आन वो पोट्टीले

धुरपतानं नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू मुलगा होतं की मुलगी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त तिला. आता बोला!

लेकरू मेलेलंच जन्मलं. सुलोचनाबाईनं, तिच्या सासूनं, ते तिथल्या तिथं फडक्यात गुंडाळून आपल्या लेकाच्या, दुधरामच्या हाती दिलं. तो तळ्याच्या पाळीकडे, मातीच्या बांधाकडे गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. मग सासूनं सगळ्यांना ताकीद दिली, सुईणीलासुद्धा: पोट्टा की पोट्टी, ते तोंडातून काढायचं नाही. पाहिलंच नाही, तर माया लवकर सुटते म्हणे. सुटते डोंबलाची! इकडे धुरपताला पान्हा फुटत होता आणि कोणासाठी रडावं तेच कळत नव्हतं. मुलगा समजून रडू लागली की वाटायचं, मुलगी असली तर तिच्या वाट्याचं रडणं राहूनच गेलं.

नवऱ्याला विचारलं, तर तो मान खाली घालून विळा घासत बसला. धान कापणीला आलं होतं.

अनुसयाबाई सुईण मात्र रोज येई.

"लेकरू नाही, तं आता कायले येऊन राहिलीस?" सासूनं विचारलंच.

"बाळंतीण हाय ना घरात?" म्हणत ती तडक आत गेली.

धुरपताच्या छातीला तिनं घट्ट फडकं बांधलं, कंबर रगडली, शेक दिला. तोंडाची टकळी सारखी चालू. त्या एका प्रश्नावर मात्र तिचीही दातखीळ बसे. सुलोचनाबाईला शब्द दिला होता ना!

सातव्या दिवशी ती दुसऱ्या दोन घरची लेकरं न्हाऊ घालून आली. धुरपताची आंघोळ उरकली, गंजात कोमट पाणी उरलं. अनुसयाबाईनं लुगडं वर सारलं, पाटावर बसून दोन्ही पाय लांब केले, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि सवयीनं हाक दिली,

"हं, आन वो पोट्टीले."

धुरपता जागच्या जागी थिजली. "पोट्टी होती?"

"आग लागो माह्या तोंडाले!" अनुसयाबाई पाय आखडू लागली. धुरपतानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"मावशी, तुह्या पाया पडतो. सांग."

सासू दारात उभी होती. अनुसयाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग धुरपताकडे.

"शब्द तं मोडलाच," ती म्हणाली. "काळेभोर केस होते वो, पार कपाळावर आलेले. नाक दुधरामचं, बसकं. डाव्या कानामागं तीळ."

"आन पायाची बोटं तुह्यासारखी," मागून आवाज आला. दुधराम विळा घेऊन शेतावर निघाला होता, तो तिथंच खाली बसला. "मी पाह्यली. पाळीवर मोहाच्या झाडाखाली ठेवली हाय तिले. नेतो तुले." आणि एवढा आडदांड गडी हमसून हमसून रडू लागला. धुरपताही रडली. आता तिला ठाऊक होतं, कोणासाठी.



त्या गावात पहिलटकरणीचं बाळंतपण केलं की बाराव्या दिवशी सुईणीला लुगडं नेसवत. लेकरू जगलं तर. नाहीतर ती आली तशी जाई. सासूनं आधीच घेऊन ठेवलेलं हिरवं लुगडं पेटीत होतं. बाराव्या दिवशी धुरपतानं पेटीची चावी मागितली. सासूनं कमरेची चावी सोडली, स्वतःच पेटी उघडली आणि लुगडं सुनेच्या हाती दिलं.

"हे कायचं वो?" अनुसयाबाई मागं सरकली. "मले नाही पायजे. माह्यी तं चूक झाली."

"माह्या पयल्या पोट्टीचं हाय," धुरपतानं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. "साऱ्या जगात तिले हाक मारणारी तू एकटीच, मावशी."