माफ केलेला काचवाला

औषधवाल्याने फोन काचवाल्याच्या नाकासमोर धरला. "घे, ऐक. आवाज तुझाच ना?"

काचवाला शोकेसच्या रिकाम्या चौकटीला टेप लावून माप घेत होता. फोनमध्येही तोच होता, हातात चहाचा ग्लास, मागे फुटक्या काचांचा ढीग. "दंगल असावी तर अशी! एका दुपारी वर्षाचं काम!" असं म्हणून फोनमधला काचवाला खो खो हसला.

"माझाच. कालच बोललो, इथेच. तूही हसलास की."

"मी हसलो ते सोड. खाली काय लिहिलंय ते वाच."

खाली लिहिलं होतं, 'पोरांना दगड कोणी पुरवले ते ऐका त्याच्याच तोंडून. सगळ्यांपर्यंत पोचवा.'

"हे कोणी लिहिलं?"

"मला काय माहीत? मी विम्यासाठी फुटलेल्या दुकानाचा व्हिडिओ काढला, त्यात तू आलास. मेहुण्याला पाठवला, पुढचं त्यालाच ठाऊक." औषधवाल्याने रस्त्याकडे एक नजर टाकली. "माप राहू दे. दोन दिवस थांबू."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही काचवाल्याची जुनी खोड. मयताला गेला तरी तिथल्या खिडकीची काच खुळखुळतेय हे सांगून येणारा माणूस. आजवर बाजार त्याला हसत आला होता. पण त्या मंगळवारी हातगाडी लावण्यावरून वरच्या आणि खालच्या गल्लीतली पोरं भिडली, आणि बाजारात एक काच शाबूत राहिली नाही. राहिली ती फक्त काचवाल्याच्या दुकानातली, कारण त्याचं शटर दुपारपासून खाली होतं. ज्याचं पोट काचा फुटण्यावर, नेमकी त्याचीच काच फुटली नाही, हे लोकांना शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत पराचा कावळा झाला. कोणीतरी त्याच्या सायकलला टांगलेल्या पिशवीचा फोटो काढला. पिशवीत काचेची धार मोडायचा दगड होता. फोटोखाली 'पुरावा' एवढाच शब्द. लहानपणापासून त्याला हाच दगड घासताना पाहिलेल्या माणसांनीही तो फोटो पुढे पाठवला. एका गृहस्थांनी कुठल्या तरी भलत्याच शहरातल्या दगडांनी भरलेल्या ट्रकचा फोटो टाकला आणि ट्रक काचवाल्याच्या साडूचा असल्याचं कळवलं. काचवाल्याला साडूच नव्हता.

"मग सांगा ना तुम्ही कुठे होतात ते," बायको म्हणाली. "शटर का बंद होतं, सांगून टाका."

सांगायला सोपं होतं. तो अध्यक्षांच्या घरी बाथरूममध्ये आरसा बसवत होता.

दोन्ही गल्ल्यांच्या मंडळाचे हे अध्यक्ष. आरडाओरडा ऐकू आला तसे ते धावत बाथरूममध्ये शिरले आणि खिडकीची कडी लावायला वाकले. खाली भिंतीला आरसा टेकवून ठेवलेला. त्याचा कोपरा अजून घासायचा होता, तो कपाळात घुसला. रक्त डोळ्यात उतरलं. काचवाल्याने नळाखाली फडकं धरलं, जखम धुतली, आपल्या हाताने पट्टी बांधली. मग आरसा भिंतीला चिकटवून त्याने दगड काढला, तर अध्यक्ष पुटपुटले, "घासू नकोस. करकर बाहेर ऐकू जाईल. घरात कोणी आहे हे कळता कामा नये." बाहेर शांत होईपर्यंत दोघे दिवा मालवून बसून होते. अध्यक्षांच्या पत्नी, वहिनी, पलीकडच्या खोलीत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पट्टी बांधलेले अध्यक्ष सगळ्यांच्या फोनवर होते. 'दोन्ही जमावांच्या मधे उभा राहिलो. कपाळावर दगड झेलला. माझं रक्त शेवटचं असू द्या.' पोरं वरमली. वरच्या गल्लीतल्या बायका त्यांना पाहायला आल्या, खालच्या गल्लीतल्याही. हे मात्र खरं, की त्यानंतर दगड पडला नाही.

काचवाला औषधवाल्याच्या दुकानात जाऊन चार माणसांसमोर म्हणाला, "मी अध्यक्षांच्या घरी होतो. तेही घरीच होते."

कोणीतरी फिसकन हसलं.

"अध्यक्ष रस्त्यावर रक्त सांडत होते, आणि हा म्हणे त्यांच्या बाथरूममध्ये!"

"लाज वाटत नाही? देवमाणसावर शिंतोडे उडवतोस?"

घरी पोचेपर्यंत तेही फोनवर आलं होतं. रात्री त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी फुटली. बायको अनवाणी होती, तिच्या टाचेत तुकडा गेला. काचवाल्याने चिमट्याने तो काढला. ती दुखलं म्हणून ओरडली नाही. तिने विचारलं, "खरं सांगा. तुम्ही काहीच केलं नाही ना?"

त्याला बाकी सगळ्या बोलण्यापेक्षा हे लागलं. तो म्हणाला, "तूसुद्धा?"

"मी नुसतं विचारलं," ती म्हणाली. "सगळेच म्हणतायत म्हणून."

सकाळी तो अध्यक्षांकडे गेला. वहिनींनी दार उघडलं, पाणी आणून दिलं आणि आत निघून गेल्या. अध्यक्षांनी त्याला शेजारी बसवून पाठीवर हात ठेवला.

"अरे, तुला मी वाऱ्यावर सोडेन का?"

"तुम्ही फक्त एवढंच सांगा साहेब, की मी तुमच्याकडे होतो. बाकी काही नको."

"तू माझ्याकडे होतास म्हटलं की मी कुठे होतो ते येतं. येतं की नाही?" अध्यक्षांचा आवाज मऊच होता. "पोरं का थांबली? माझ्या कपाळाकडे बघून थांबली. उद्या त्यांना कळलं की अध्यक्ष कडी लावून बसले होते, तर परवा पुन्हा भिडतील. तेव्हा काचा नाही फुटणार, डोकी फुटतील. ते तुझ्या माथी घेशील?"

भल्याभल्यांची टोपी उडवणारी काचवाल्याची जीभ त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली.

"मंडळाच्या सभेत माफी माग. तोंडातून गेलं, चुकलो, एवढंच. लोकांना कोणाला तरी माफ करायचं असतं रे. एकदा माफ केलं की विसरतात. मी माफ करायला लावतो, हा माझा शब्द."

"आणि नाही मागितली तर?"

"तर मी तरी काय करणार?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा हात अजून त्याच्या पाठीवर होता.

घरी बायको म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ. मागून टाका."

शाळेच्या सभागृहात दोन्ही गल्ल्या दाटीवाटीने बसल्या होत्या. ज्या पोरांनी खरोखर दगड मारले होते ती मागे भिंतीला टेकून उभी होती, त्यांना कोणी काही विचारलं नाही. औषधवाल्याने व्यासपीठावर काचवाल्याची पिशवी उघडून तो दगड वर धरला, तेव्हा निम्म्या लोकांनी फोन उंचावले. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. काचवाला त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

"बोल," अध्यक्ष म्हणाले.

"मी..." काचवाला म्हणाला. "तोंडातून गेलं. चुकलो."

"दगडांचं बोल!" मागून एक पोरगा ओरडला. हशा पिकला.

काचवाल्याने अध्यक्षांकडे पाहिलं. ठरलं होतं तेवढं बोलून झालं होतं. अध्यक्षांनी डोळे मिटून हलकेच मान हलवली, हो म्हण.

"दगडांचंही चुकलो," काचवाला म्हणाला.

अध्यक्षांनी त्याला मिठी मारली. पट्टीचा कडक कोपरा त्याच्या कानशिलाला लागला. टाळ्या थांबेनात. "चूक माणसाकडूनच होते," अध्यक्ष म्हणाले. "आपण याला माफ केलं. आणि हा प्रायश्चित्त म्हणून बाजारातल्या सगळ्या काचा फुकट बसवून देईल!" हे मात्र ठरलं नव्हतं. मग त्यांनी तो दगड स्वतःच्या हाताने त्याला परत दिला, आणि त्याचाही फोटो निघाला.

अध्यक्षांचा शब्द निम्मा खरा ठरला. दंगल लोक विसरले, काचवाल्याला मात्र कोणी विसरलं नाही. काचा बसवताना दुकानदार शेजारी उभे राहायचे, काही उचलून नेईल की काय म्हणून. "नीट बसव, पुढच्या वेळी फोडायला सोपी नको," औषधवाला म्हणाला, आणि पूर्वी काचवाल्याच्या विनोदांवर हसणारे आता या एका विनोदावर रोज हसले. काचवाल्याने मात्र बोलणंच सोडून दिलं. बायको शेजारणींना सांगायची, "माफ केलंय त्यांना." त्यात तिला हायसं वाटायचं. काय झालं होतं हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

बाजारातली शेवटची काच बसली त्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला, आरशाचं काम अर्धवट आहे.

आरसा होता तिथेच होता. सिलिकॉन सुकेपर्यंत काढू नका म्हणून त्याने लावलेल्या कागदी पट्ट्याही तशाच होत्या. कोणी काढल्याच नव्हत्या. त्याने एकेक पट्टी सोलली, गोळा करून खिशात टाकली.

"हा कोपरा तेवढा बघा," वहिनी दारातून म्हणाल्या. "फार धार आहे. यांच्या कपाळात घुसला तसा उद्या नातवाच्या डोक्यात घुसायचा."

बाथरूममध्ये दोघंच होते. तिथे खरं बोलायला हरकत नव्हती.

काचवाला त्यांच्याकडे बघत राहिला. वहिनींना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी दाराची कडी उगाच वरखाली केली. पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. "आवाज झाला तरी चालेल आज," त्या म्हणाल्या.

त्याने दगड नळाखाली भिजवला आणि कोपरा घासायला घेतला. करकर घरभर गेली. बाहेरच्या खोलीत अध्यक्ष फोनवर कोणाला तरी समजावत होते, त्यांनी आवाज थोडा चढवला. पांढरा लगदा भिंतीवरून ओघळत होता. मधे मधे थांबून तो अंगठा फिरवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. हवं होतं त्यापेक्षा जास्तच घासलं त्याने.

"आता नाही लागणार कोणाला," तो म्हणाला.

मग त्याने भिंत पुसली, फडकं पिळलं, त्यात दगड गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी, हत्यारांच्या खाली ठेवला. हल्ली तो दगड उघडा नेत नसे.