राखेची टोपली

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो, बांबूची. दवनीवाड्याच्या एका गोठ्यात खुंटीला टांगलेली असते. कोणी गोठ्यात पाऊल टाकलं, की माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं. हसू नका! टोपलीलाही भीती वाटते.

बुरडानं मला विणलं, तेव्हा माझा तळ मुद्दाम विरळ ठेवला. धुरपताबाईंनीच तसं सांगितलं होतं. त्यांना माझ्यातून चुलीची राख धुरळायची होती. घरामागच्या वाडीत त्यांनी वाल, वांगी आणि भेदरं, म्हणजे टमाटर, लावली होती. पानांवर दव असेपर्यंत त्या मला हलवत फिरायच्या. राख ओल्या पानांना चिकटायची आणि मावा ही कीड आटोक्यात राहायची. बुडाशी शेणखत, वर राख, बाकी काही नाही. मग मला झटकून त्या माझ्यातच भाजी तोडायच्या. राखेनं तर आमच्याकडे भांडी घासतात, तिचं कसलं भय? "हे टोपली म्हणजे माहा उजवा हात," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि मी फुगून जायचे.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात आभाळ सारखं भरून यायचं आणि मावा काही हटेना. धुरपताबाई लेकीकडे बोदलकशाला गेल्या होत्या. मागे त्यांचा मुलगा चैतराम गोंदियाहून पांढऱ्या पावडरची पुडी घेऊन आला. "एक बार डालो, कीड़ा साफ," असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं.

"राखेवानीच आहे वं, रुख्मा," असं बायकोला म्हणत त्यानं ती माझ्यात ओतली.

राखेवानी? अगं आई गं! त्या उग्र वासानं मी कासावीस झाले. मला हलवताच मावा पडला, तशा मुंग्याही पडल्या आणि वालाच्या फुलांवरच्या मधमाश्याही. चैतराम मात्र खूश! त्यानं मला नेहमीसारखं झटकलं आणि रुख्माच्या हाती दिलं.

रुख्माला दिवस गेले होते. तिला सारखं आंबट खावंसं वाटायचं. तिनं माझ्यात भेदरं तोडली आणि मला मांडीवर घेऊन कुंपणाशी बसली. बाई, नको खाऊ! मी मनातल्या मनात टाहो फोडला, पण टोपलीचं कोण ऐकतं? तिनं एक भेदरं पदराला पुसलं आणि खाल्लं. मग दुसरं उचललं.

तेवढ्यात धुरपताबाई परतल्या. मेलेले किडे टिपलेली कोंबडीची पिल्लं त्यांना वाटेतच आडवी पडलेली दिसली. पानांवरचं पांढरं त्यांनी चिमटीत धरून हुंगलं आणि त्या किंचाळल्या, "टाक थे, रुख्मा! टाक म्हणतो ना!"

"काऊन, आई?"

"इख आहे थे, जहर! चैत्या, काय टाकलास रे वाडीत? पिल्लं मरून राहिले!"

रुख्मा संध्याकाळभर ओकत होती. पुढे रोज सकाळी धुरपताबाई तिच्या पोटावर हात ठेवून विचारायच्या, "हालते का वं?" ती हो म्हणेपर्यंत चैतराम घास उचलत नसे. उन्हाळ्यात मुलगी झाली, चांगली धडधाकट, तेव्हा कुठे घराच्या जिवात जीव आला. तिचं नाव देवका.

चैतराम मला चुलीत घालायला निघाला होता. "नाही!" धुरपताबाई म्हणाल्या. "इचीच राख मंग वाडीत जाईन." पुरायलाही त्यांनी नकार दिला, माती नासेल म्हणून. तशी मी इथे टांगली गेले. वाडी पडीत ठेवली, शेणखत घालघालून पुन्हा उभी केली.

आता देवका पाच वर्षांची आहे. वाडीत भेदरं लाल झाली आहेत. मोठी माणसं धानाच्या मळणीला गेली, की ती गव्हाणीवर चढते आणि माझ्याकडे हात करते. काल तिची बोटं माझ्या काठाला लागली. माझ्या विणीत ती पांढरी भुकटी अजून अडकलेली आहे हो!

मित्रांनो, वाडीत विष आणू नका, शेण आणि राख पुरेशी असते. पण ते मी नंतर सांगेन. आधी कोणीतरी धावत जा आणि त्या पोरीला म्हणा, हात काढ!