वाढवलेले चार लाख

"आई, ओटीपी सांग ना! तीनच्या आत विकलं नाही तर आजचा भाव हातचा जाईल."

अडीच वाजून गेले होते. मालनच्या मांडीवर वालपापडीचं ताट होतं आणि मुठीत फोन. फोनवर आलेले सहा आकडे दिसत होते, पण ओठांवर येत नव्हते. मुलुंडच्या या दोन खोल्यांत तिची स्वतःची म्हणावी अशी एकच पुंजी होती. नवरा गेल्यावर कंपनीने दिलेले तीन लाख तिने थोरल्या भावाच्या, विद्याधरच्या, सांगण्यावरून म्युच्युअल फंडात घातले होते.

तिच्या लेकाने, सिद्धेशने, परवाच लॅपटॉपवर गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. आईची जुनी वही समोर ठेवून पंधरा वर्षांच्या नोंदी भरल्या, आणि पी हळद नि हो गोरी, साहेब लगेच तज्ज्ञ झाले.

"हा रिपोर्ट बघ. एकूण गुंतवणूक सात लाख. आजची किंमत साडेपाच. दीड लाख पाण्यात! मामाने वाट लावली तुझी. कमिशन खाल्लं आणि गेला वर."

मालनच्या काळजाला ते लागलं. मेलेल्या भावाला एका लाल आकड्याने चोर ठरवलं होतं. लाल म्हणजे तोटा, एवढंच तिला कळत होतं. सगळं विकून पैसे प्रीतम नावाच्या मित्राच्या स्कीममध्ये टाकायचे, महिना तीन टक्के, हे सिद्धेशने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. असल्याच तीन टक्क्यांपायी तळमजल्यावरच्या शकूचे दागिने गेले होते. मालनने ते सांगून पाहिलं, तर "तुला काय कळतं यातलं" हे ऐकून घ्यावं लागलं.

सिद्धेशचा फोन वाजला. प्रीतम. "आई, लवकर!"

"सात लाख कुठले रे?" मालनने आपला फोन पदराखाली घेतला. "मी जन्मात सात लाख पाहिले नाहीत. माझे तीनच."

"तुझंच अक्षर आहे." त्याने वही उघडून वाचलं. "जून दोन हजार चौदा, एक लाख वाढवले. पुढच्या जूनला पुन्हा एक लाख वाढवले. असं चार वेळा. तीन आणि चार, सात."

मालनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अरे मेल्या, नारळ वाढवतात तसे वाढवले! लक्ष्मीला मोडली म्हणून लिहायचं? काढले ते, घातले नाहीत!"

पुरता धचा मा झाला होता. सिद्धेशने एकेक नोंद 'भरले'मधून 'काढले'मध्ये नेली. चौथ्या नोंदीनंतर लाल जाऊन हिरवं आलं: वार्षिक परतावा बारा टक्के. तीन घातले, चार काढले, तरी साडेपाच शिल्लक. विद्याधरने बहिणीला बुडवलं नव्हतं. मालनला रडू फुटलं, त्यात सुटका होती आणि संतापही.

सॉफ्टवेअर मात्र अडून बसलं. काढलेल्या प्रत्येक लाखासमोर 'कशासाठी?' असा रिकामा रकाना होता.

"पण एवढे पैसे काढलेस कशाला?" सिद्धेशचा आवाज अजून चढाच होता. "तेही दर जूनला..."

"जूनमध्ये तुझ्या कॉलेजची फी असायची," मालन म्हणाली.

फी कुठून आणतेस, हे त्याने त्या चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

तीन वाजून गेले. प्रीतमचा फोन पुन्हा वाजला. सिद्धेशने तो कापला आणि चारही रकान्यांत एकच शब्द भरला: सिद्धेश.