वितीला बोट

रुक्माबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला तेव्हा रविवारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आतल्या टेबलावर माझा फेव्हिकॉल वाळत होता. फेव्हिकॉल कुणासाठी थांबत नाही. रुक्माबाई शेजारच्या. त्यांचं बीपी गेली सहा वर्षं एकशेतीसच्या वर गेलेलं नाही. पण रविवारी सिस्टर घरी असते, आणि घरी असलेली सिस्टर म्हणजे फुकटचा दवाखाना, अशी आमच्या गल्लीची पक्की समजूत आहे.

मी चंदा. भीमपूरच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स आहे. आदिलाबादहून रोज बसनं जाते, बसनं येते. सहा दिवस सुया, सलाईन, बाळंतपणं. रविवारी दोन ते चार हे दोन तास माझे, असं मी ठरवलेलं आहे. बाकी कुणी ठरवलेलं नाही, एवढीच अडचण आहे.

या दोन तासांत मी शेतीची अवजारं बनवते. खेळणी नव्हेत. खऱ्याचा बारावा हिस्सा, फुटाला एक इंच, सागवानाच्या काड्यांची. वखर झालं, डवरा झाला. तिफण तर अशी उतरली की चाड्यात मोहरी सोडली तर तिन्ही फणांतून दाणे पडतात. राहिली होती बैलबंडी, आणि बंडीचं घोडं चाकापाशी अडलं होतं.

माझे बाबा सुतार होते, भीमपूरच्या पुढे अगदी सीमेवरच्या गावात. अंगानं लहानखुरे, पण पंचक्रोशीतल्या बंड्या त्यांच्याच हातच्या. मी अकरा वर्षांची असताना एकदा धीर करून चाकाच्या लाकडाला हात घातला. त्यांनी माझा पंजा त्या लाकडावर पसरून पाहिला आणि म्हणाले, "पोरीची वीत चाकाले पुरत नाई, चंदे. जा, मायजवळ बस." रागावून नाही म्हणाले, हसून म्हणाले. ते हसणंच मला जास्त लागलं. पुढे ते गेले, हत्यारपेटी गेली, आणि गावोगाव लोखंडाच्या, टायरच्या बंड्या आल्या. बाबांच्या हातची एकच बंडी उरली होती, आमच्या गावच्या उद्धवरावांच्या गोठ्यामागे.

तिथे दोनदा जाऊन मी टेप लावून मापं उतरवून आणली होती. मधला तुंबा सव्वाआठ इंच. तुंब्यातून निघणारा आरा वीस इंच आणि वर पाच बारीक रेषा. असल्या तुटक्याफुटक्या मापांचा बारावा हिस्सा काढून दाखवा कुणीतरी. मी इथे थोडं वाढवलं, तिथे थोडं कापलं. बाहेरचा गोल सहा पाट्यांचा असतो. पाच पाटे निमूट बसायचे आणि सहावा बसवायला जावं तर तांदळाएवढी फट. तीन चाकं केराच्या टोपलीत गेली. मला वाटलं, मोजतानाच चुकलं असणार, पुन्हा जाऊन मोजायला हवं.

आता पुन्हा जायचं म्हणजे रविवार हवा. एक रविवार पोलिओच्या डोसात गेला. पुढच्या रविवारी नणंदबाई आल्या. त्यांना माझ्या हातचंच पुरण लागतं, आणि पुरण काही दोन तासांत होत नाही. मग तान्हा पोळा जवळ आला म्हणून गल्लीतली निम्मी मंडळी दारात. सिस्टर, तुमी लाकडाचं करताच, तर आमच्या लेकराले एक नंदी करून द्या ना. मी म्हटलं, बाजारात रंगवलेले मिळतात. तर म्हणे, तुमी कुठं कामात राहता रविवारी? आता याला काय उत्तर द्यायचं? केले नंदी. पाच केले. दुसऱ्या दिवशी एकाचं शिंग मोडलं तर ते दुरुस्तीलाही माझ्याकडेच आलं.

तर रुक्माबाईंचा पट्टा फुगवतच होते, तेवढ्यात फोन वाजला. उद्धवराव होते. त्यांच्या बोलण्यात काही घाई नसते, मान्सून आला तरी ते आधी तब्येत विचारतात. सगळ्यांची तब्येत विचारून झाल्यावर म्हणाले, "सिस्टर, बंडी देऊन टाकली. नेरडीगोंड्याच्या ढाब्यावाल्यानं शोभेसाठी घेतली. आज गाडी येऊन राह्यली त्याची."

मी रुक्माबाईंना एकशेवीस-ऐंशी सांगून मोकळी झाले. चपला घालत होते तर आमचे मारोतराव झोपेतून उठून चहाची वाट पाहत दारात उभे. कुठं निघालीस, विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, बंडीचे फोटो आहेतच की तुझ्या मोबाईलमध्ये, त्यातून बनव. चौतीस वर्षं झाली संसाराला, आणि यांना अजून फोटो आणि माप यातला फरक कळत नाही. यांना कपडे शिवायचे झाले तर शिंप्याकडे फोटो पाठवीन एकदा.

बस चुकली. पुढची अर्ध्या तासानं आली आणि प्रत्येक फाट्यावर थांबली. पोचले तेव्हा उद्धवराव गोठ्यामागे उभे होते आणि त्यांच्यापुढे जमिनीत दोन लांबट खळगे होते. किती पावसाळे बंडी तिथे उभी होती, चाकांखाली गवत उगवलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं की गाडी केव्हाच गेली, त्यांनी मला दोनदा फोन केला, लागला नाही. आणि मग आपलीच समजूत घालत असल्यासारखे म्हणाले, "काऊन ठेवावं, सांगा बरं? जुंपाले बैल नाई आता. सडूनच गेली असती."

खरंच होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला. त्यांचा नाही, त्या पाच नंदींचा, पुरणाचा आणि रुक्माबाईंच्या ठणठणीत बीपीचा.

पुढच्या रविवारी मी सकाळीच घरात जाहीर केलं की मी नेरडीगोंड्याला जाणार. कुणाचं बीपी वाढलं तर त्यानं पडून राहावं. ढाबा म्हटल्यावर मारोतराव आपण होऊन स्कूटर काढायला गेले. त्यांचा जीव तंदुरी रोटीत असतो.

हायवेला लागून ढाबा. बंडी दर्शनी भागात, फुलांच्या कुंड्यांमध्ये. मी आधी ओळखलीच नाही. आरे गुलाबी, पाटे निळे, तुंब्यावर सोनेरी रंग. आणि चाकं खालून वीतभर सिमेंटात गाडलेली. कुणी ढकलू नये म्हणून, असं ढाब्याचे मालक कुलदीप यांनी अभिमानानं सांगितलं. जन्मभर जे फिरण्यासाठी केलेलं, ते फिरू नये म्हणून एवढा खर्च. दोन बाया जुवापाशी उभ्या राहून सेल्फी काढत होत्या. त्या हटेपर्यंत थांबले आणि पर्स उघडली. टेप नव्हता.

सगळी पर्स बाकड्यावर उलटी केली. थर्मामीटर निघालं, कापूस निघाला, टेप नाही. सूनबाईंना, तेजस्विनीला, फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "आई, ब्लाऊजच्या मापाले घेतला मी. तुमचं काही तातडीचं नव्हतं ना?"

मी फोन ठेवला. कुलदीपजींकडे टेप मागितला, तर त्यांनी नसल्याचं सांगून वर विचारलं, "आंटीजी, नाप के क्या करोगे? फोटो खींच लो ना." दुसरे फोटोवाले! मागे मारोतराव रोटीची ऑर्डर देत होते. माझं डोकं असं फिरलं की काय करावं कळेना. मी त्या गुलाबी-निळ्या चाकावर हात आपटला. आपटला तो आपटला, आणि तिथेच पसरला. अंगठा पाट्याच्या काठाला, करंगळी आत. मग करंगळीला अंगठा भिडवला आणि पुन्हा पसरला. वीत घालत घालत तुंब्यावरून पलीकडे गेले.

सात. सातव्या वितीला करंगळी बरोबर पलीकडच्या काठावर आली. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

तुंबा मोजला. एक वीत. आरा मोजला. अडीच. पाटा सहा बोटं, म्हणजे अर्धी वीत. पुन्हा मोजलं, दुसऱ्या चाकावरही मोजलं. तुटकं काहीच नव्हतं. सव्वाआठ इंच आणि पाच बारीक रेषा, हे सगळं माझ्या टेपनं केलेलं होतं. बाबांच्या पेटीत टेप कधी नव्हताच. बारा बोटांची एक वीत, आणि वितीवर सगळी बंडी. हे सुताराच्या लेकीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकतीस वर्षं मिलिलिटर मोजत बसल्यावर हाताला कोण विचारतं?

आणि हे माप माझ्या हातात बसत होतं. त्यांच्या वितीएवढीच माझी वीत होती. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. अकरा वर्षांच्या पोरीची वीत पुरली नाही, तर थांबायचं होतं चार वर्षं. हात वाढतो, बाबा. हे मी तिथे मोठ्यानं म्हटलं असावं, कारण कुलदीपजी पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि बाकड्यावर ठेवून गेले.

मारोतराव रोटी हातात घेऊनच आले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चाकाकडे. "झालं मोजून?" त्यांनी विचारलं.

"झालं. पुरली वीत," मी म्हटलं.

त्यांनी हातातली रोटी माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, जेवून घे, रोटी निवते. आणि परत जाताना स्कूटर त्यांनी हळू चालवली, एवढं खरं.

त्यापुढच्या रविवारी मी कागदावरचे सगळे इंच खोडले. वितीचा बारावा हिस्सा म्हणजे बोट. तुंबा एक बोट. आरा अडीच. पाटा अर्धं. माझंच बोट लाकडावर ठेवायचं, पेन्सिलनं खूण करायची आणि कापायचं. टेप तेजस्विनीकडेच राहू दिला. पाच पाटे बसले. सहावा घेतला, किंचित घासला आणि दाबला. तो सरकत आत गेला आणि बसला. फट शोधायला मी नख फिरवून पाहिलं, नख कुठे अडकलं नाही.

टाचणीवर चाक चढवलं आणि बोटानं टिचकी मारली. फिरायला लागलं.

तेवढ्यात दार वाजलं. "सिस्टर, हाय का घरी? जरासं बीपी पायता का?" रुक्माबाईच होत्या. पुन्हा वाजलं. आतून मारोतराव म्हणाले की अगं, दार. मी चाकाकडे पाहत बसले होते. आरे आता वेगळे दिसायला लागले होते, एक एक, बारा.

चाक पुरतं थांबेपर्यंत मी उठले नाही.